देवनागरी संदेशवहन

देवनागरी संदेशवहन : देवनागरी लिपीत लिहिलेला मजकूर तारायंत्र, दूरमुद्रक, संगणक, भ्रमणध्वनी इ. साधनांच्या द्वारे दूरच्या वाचकाकडे, लिहिणाऱ्याने लिहिला तसाच पोहोचेल अशा रीतीने पाठविण्याची तंत्रे व व्यवस्था. कागदावरील पत्र टपालाने पाठविले असता अक्षरे स्वतःच प्रवास करतात. विद्युत् साधनांनी मजकूर पाठविताना मात्र अक्षरे जात नाहीत. त्यांच्याऐवजी आधी ठरवून ठेवलेले संकेत जातात आणि पलीकडच्या टोकास त्या संकेतांपासून अक्षरे पुन्हा उभी करावी लागतात. दोन्ही टोकांस एकच संकेतावली वापरात असेल, तरच मजकूर वाचता येतो. रोमन लिपीच्या बाबतीत ही एकवाक्यता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच अंशी झाली. देवनागरीच्या बाबतीत ती व्यवहारात येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. मधल्या काळात मराठी भाषकांना तातडीचा मजकूर एकतर इंग्रजीत किंवा रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठीत पाठवावा लागे.

रोमन अक्षरांतील मराठीची अडचण केवळ सौंदर्याची नाही. के, ए आणि एल ही तीन रोमन अक्षरे लागोपाठ लिहिली, तर ती काल, काळ, कल किंवा कळ ह्यांपैकी कशीही वाचता येतात. पी, ए व टी ह्या तीन अक्षरांचे पट, पाट, पत, पात असे चार अर्थ होतात. ऱ्हस्व-दीर्घ, त-ट, ल-ळ, न-ण हे मराठीतील अर्थभेदक भेद रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांत मावत नाहीत. वाचणारा संदर्भावरून अर्थ लावतो हे खरे. परंतु ज्या संदेशात संदर्भ नसतो–व्यक्तीचे नाव, गावाचे नाव, औषधाचे नाव–तेथेच नेमकी चूक होते.

लिपीचे स्वरूप व यंत्राची अडचण : रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक ओळीने मांडली जातात. देवनागरीत स्वरचिन्हे व्यंजनाच्या पुढे, मागे, वर व खाली लागतात आणि व्यंजने परस्परांत मिसळून जोडाक्षरे होतात. वर्णमालेतील वर्ण पन्नासच्या आसपास असले, तरी छापण्यासाठी लागणाऱ्या आकृत्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात. जुन्या मुद्रणालयांतील खिळ्यांचे केस ह्याची साक्ष देतात. टंकलेखन यंत्राला इतक्या आकृत्या परवडत नाहीत. त्याच्या चाळीस-पंचेचाळीस कळांवर, प्रत्येकी दोन ह्या हिशेबाने, नव्वदच्या आसपास चिन्हे बसतात. त्यामुळे देवनागरी टंकलेखन यंत्रांच्या रचनाकारांनी अक्षरांचे तुकडे केले : ग, म, स ह्यांसारख्या वर्णांचा काना काढून अर्धे वर्ण कळांवर ठेवले व काना निराळा दिला. ‘कि’ उमटविताना आधी वेलांटी व मग क दाबावा लागे. उच्चारात इकार व्यंजनानंतर येतो आणि यंत्रात तो आधी येतो, हा विरोध पुढे संगणकाच्या काळातही दीर्घकाळ त्रासदायक ठरला. वि. दा. सावरकर यांनी पुरस्कारलेली ‘अि, अी, अु, अू’ ही स्वरखडी व तत्सम लिपिसुधारणा ह्यांच्यामागे मुद्रण व टंकलेखन सुलभ व्हावे हा हेतू होता. यंत्रासाठी लिपी बदलावी की लिपीसाठी यंत्र बदलावे, हा वाद बरीच वर्षे चालला. संगणकाने तो दुसऱ्या बाजूने निकालात काढला.

तार व दूरमुद्रक : भारतात १८५४ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. तिच्यातील मॉर्स संकेतावली रोमन अक्षरांची असल्याने देशी भाषांतील मजकूर रोमन लिपीतच जाई. स्वातंत्र्यानंतर देवनागरी तारांची सोय करण्यात आली व त्यासाठी स्वतंत्र मॉर्स संकेतावली वापरण्यात आली. दूरमुद्रकात प्रत्येक चिन्हासाठी पाच स्पंदांचा संकेत असे. पाच स्पंदांचे ३२ प्रकार होतात व स्थानबदलाच्या कळीने ते जवळजवळ दुप्पट करता येतात. एवढ्या अपुऱ्या संख्येत देवनागरी बसविणे हे कठीण काम होते. तरीही देवनागरी दूरमुद्रक तयार झाले व काही काळ वापरात राहिले. तारांची भाषा तोडकी असे, कारण आकार शब्दांवर होता. १५ जुलै २०१३ पासून भारतातील तारसेवा बंद झाली.

संगणकावरील देवनागरी : संगणकात प्रत्येक चिन्हास एक संख्या दिलेली असते. १९६३ मध्ये अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की ह्या संकेतावलीत सात बिटांच्या १२८ संख्या असून त्यांत रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे व काही नियंत्रक संकेत येतात. देवनागरीला तिच्यात स्थान नव्हते. १९७१ मध्ये रे टॉम्लिन्सन यांनी दोन संगणकांदरम्यान पहिला विद्युत् टपाल संदेश पाठविला आणि १९८२ मध्ये अशा टपालाची वाहतूक करणारा नियमसंच (एसएमटीपी) प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा पायाही हीच सात बिटांची संकेतावली होता.

भारतीय लिपींसाठी संकेतावली ठरविण्याचे काम केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८० नंतरच्या दशकात हाती घेतले. त्यातून ‘इस्की’ ही आठ बिटांची संकेतावली सिद्ध झाली व १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ती आयएस १३१९४ ह्या क्रमांकाने स्वीकारली. तिच्यामागील कल्पना मूलगामी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींची वर्णव्यवस्था एकच असल्याने क ह्या वर्णास देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ ह्या सर्व लिपींत एकच संख्या देण्यात आली. कोणत्या लिपीत दाखवायचे ते नंतर ठरवावे. शिवाय मजकूर दृश्य आकारांच्या क्रमाने न साठविता उच्चाराच्या क्रमाने साठविला गेला. ‘कि’ मध्ये आधी क, मग इकार. ‘स्क’ मध्ये स, हलन्त-चिन्ह व क. अक्षराचा आकार घडविणे हे साठवणीचे काम नसून दाखविण्याचे काम आहे, हे तत्त्व येथे प्रथम स्पष्टपणे स्वीकारले गेले. ह्याच तत्त्वावर ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक आधारलेला असून त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला येतात. आयआयटी, कानपूर येथे सुरू झालेले व नंतर पुणे येथील सी-डॅक ह्या संस्थेत (स्थापना १९८८) वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र ह्या मानकाच्या प्रसाराचे मुख्य साधन होते.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र मुद्रणालये, वृत्तपत्रे व कचेऱ्या ह्यांनी निराळी वाट धरली. त्यांनी असे मुद्राक्षरसंच (फाँट) वापरले, की ज्यांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. ‘कृतिदेव’ ह्या प्रसिद्ध संचात रोमन एफ ह्या अक्षराच्या जागी ऱ्हस्व वेलांटी, जी च्या जागी ह व डी च्या जागी क आहे. पडद्यावर व कागदावर उत्तम देवनागरी दिसे. संगणकाच्या लेखी मात्र तो अर्थहीन रोमन मजकूर असे. दुसऱ्या संचात त्याच जागा निराळ्या आकृत्यांना दिलेल्या असल्याने एका कचेरीतील मजकूर, तोच संच नसलेल्या दुसऱ्या कचेरीत उघडला, की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. मजकुरासोबत मुद्राक्षरसंचही पाठवावा लागे. छापील पान हेच अंतिम उद्दिष्ट असलेल्यांना ही पद्धत सोयीची होती. संदेशवहनास ती घातक ठरली. त्या काळातील पुष्कळसा मराठी मजकूर आजही अशा संचांत अडकून पडलेला असून तो परिवर्तकांच्या साहाय्याने सोडवावा लागतो.

युनिकोड : जगातील सर्व लिपींना एकाच संकेतावलीत स्थान देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. उच्चारक्रमाचे तत्त्व कायम राहिले. फक्त प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग मिळाला. २०१४ मध्ये मोडी लिपीचाही तीत समावेश झाला. आज युनिकोडमधील चिन्हांची संख्या दीड लाखाहून अधिक आहे. संकेत ठरले, तरी ते ओळखून जोडाक्षरे जुळविणारी संगणकप्रणाली असावी लागते. ती विंडोज २००० पासून सामान्य वापरात येऊ लागली. तिच्यासोबत मिळणारा ‘मंगल’ हा संच सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रेखाटलेला आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया वाढू शकला तो ह्या पायावरच.

युनिकोडमुळे सर्व प्रश्न सुटले असे मात्र नाही. मराठीच्या काही खास गरजा हिंदीच्या नमुन्यावर बेतलेल्या साधनांत दुर्लक्षित राहिल्या. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र संकेत म्हणून २००८ मध्ये समाविष्ट झाले. तोवर काहींनी हिंदीतील ‘ऍ’ वापरले, तर काहींनी अ ला चंद्र जोडून काम भागविले. तीनही प्रकार वाचकाला जवळजवळ एकच वाटतात, संगणकाला ते तीन भिन्न शब्द असतात. परिणामी एकाच वकिलाचे ‘ॲड.’ लावून नोंदविलेले नाव एका यादीत सापडते व दुसरीत सापडत नाही.

अर्धा र हे ह्याहून नाजूक उदाहरण होय. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ ह्यांतील भेद तर व्याकरणाच्या पुस्तकांत परंपरेने सांगितला जातो. एका शब्दात गुरूला दिले जाते व दुसऱ्यात स्वयंपाक्याला. हा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो : एक ‘ऱ’ ह्या स्वतंत्र संकेताला हलन्त-चिन्ह जोडून व दुसरा साध्या र ला हलन्त-चिन्ह व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. अनेक प्रणाली ‘अनावश्यक’ म्हणून अदृश्य चिन्हे गाळून टाकतात. तसे झाल्यास दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’ चा वाटेतच ‘दर्या’ होतो व पाठविणाऱ्यास त्याची वार्ताही नसते. पहिल्या प्रकारास हा धोका नाही. त्यामुळे तोच वापरणे श्रेयस्कर. ल व श ह्यांच्या मराठी वळणांचा प्रश्न निराळ्या स्वरूपाचा आहे. तेथे संकेत एकच असून फरक केवळ आकृतीचा असतो. तेव्हा मजकूर मराठी असल्याची खूण त्यास जोडलेली असेल आणि संचात दोन्ही वळणे असतील, तर मराठी वळण आपोआप दिसते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी आदेश काढून ही वळणे निश्चित केली आहेत.

वहनाचा खर्च : युनिकोडची संख्या तारेवरून पाठविताना तिचे बाइटांत रूपांतर करावे लागते. १९९२ मध्ये केन टॉम्सन व रॉब पाइक यांनी रचलेली यूटीएफ-८ ही पद्धती आज सर्वाधिक प्रचलित आहे. तीत रोमन अक्षरास एक बाइट व देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द देवनागरीत काना व हलन्त-चिन्हे धरून १० चिन्हांचा व रोमन लिपीत ११ अक्षरांचा आहे. परंतु पहिल्यास ३० बाइट व दुसऱ्यास ११ बाइट लागतात. संगणकांच्या आजच्या क्षमतेत हा फरक नगण्य होय.

भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशात (एसएमएस) मात्र तो खिशाला जाणवतो. लघुसंदेशाची मर्यादा १४० बाइट आहे. सात बिटांच्या रोमन अक्षरांत तीत १६० अक्षरे मावतात. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हास १६ बिट लागत असल्याने मर्यादा ७० वर येते आणि काने, मात्रे, वेलांट्या व मोकळ्या जागा हे सर्व त्यात मोजले जाते; म्हणजे मराठीत जेमतेम दहा शब्द. इंग्रजी संदेशात एकच देवनागरी चिन्ह आले, तरी संपूर्ण संदेशास हीच मर्यादा लागू होते. ह्याहून लांब संदेश तुकड्यांनी जातो, प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती द्यावी लागल्याने ६७ चिन्हेच उरतात व आकारणी तुकड्यागणिक होते. शेतकऱ्यांना हवामानाची सूचना किंवा रुग्णांना तपासणीची तारीख कळविणाऱ्या संस्था पुष्कळदा रोमन मराठी किंवा इंग्रजी वापरताना दिसतात, त्याचे एक कारण ह्या हिशेबात आहे. खर्च वाचतो, परंतु ज्याच्यासाठी संदेश असतो त्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि तपासणीची बाब खाजगी असते. दीर्घकाळ कित्येक स्वस्त भ्रमणध्वनी-संचांत देवनागरी दाखविण्याची सोयही नव्हती. पुढे आयएस १६३३३ ह्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाने भारतात विकल्या जाणाऱ्या संचांवर परिशिष्टातील सर्व भाषांतील मजकूर वाचता येईल अशी अट घातली. इंटरनेटवरून चालणाऱ्या संदेशसेवांत (उदा., २००९ मध्ये सुरू झालेली व्हॉट्सॲप) अक्षरागणिक आकारणी नसल्याने मराठी लेखनाचा तेथे झपाट्याने प्रसार झाला.

विद्युत् टपालाच्या सात बिटांच्या मार्गावरून देवनागरी नेण्याची युक्ती १९९२ मधील ‘माइम’ ह्या मानकाने दिली. तीन बाइटांचे चार रोमन चिन्हांत रूपांतर करून मजकूर पाठविला जातो आणि शीर्षभागात वापरलेल्या संकेतावलीचे नाव लिहिलेले असते. वाचणारा संगणक ते नाव पाहून उलट रूपांतर करतो. मजकुराइतकेच ह्या नावाला महत्त्व आहे. ते चुकले, की सगळे चुकते.

बिघाडांची ओळख : न वाचता येणारा मराठी संदेश आल्यास तो नष्ट झाला, असे समजून सोडून देण्याची प्रवृत्ती असते. परंतु बिघाडाच्या रूपावरून त्याचे कारण व उपाय बहुधा ओळखता येतो. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील, तर मजकूर शाबूत असून वाचणाऱ्याच्या यंत्रात देवनागरी मुद्राक्षरसंच नाही. दुसऱ्या यंत्रावर तोच संदेश वाचता येतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेले लहान रोमन ए हे अक्षर दर दोन चिन्हांनंतर पुनःपुन्हा येत असेल, तर यूटीएफ-८ मधील मजकूर पाश्चात्त्य युरोपीय संकेतावलीप्रमाणे वाचला गेला आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच असल्याने ही खूण अचूक आहे. येथेही मजकूर सुखरूप असतो, संकेतावली बदलून पुन्हा उघडावा लागतो. साध्या, तिरकी रेघ वगैरे नसलेल्या रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची सरमिसळ दिसल्यास मजकूर जुन्या मुद्राक्षरसंचातील असण्याचा संभव अधिक. वेलांटी किंवा मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळत असल्यास चिन्हांचा क्रम चुकला आहे. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांनी भरल्या असतील, तर मात्र वाटेतील कोणत्या तरी प्रणालीने न ओळखलेल्या प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह लिहून टाकलेले असते. मूळ मजकूर परत मिळविण्याचा मार्ग उरत नाही व तो पाठविणाऱ्याकडूनच पुन्हा मागवावा लागतो.

ह्या अडचणींवर उतारा म्हणून मजकुराचे छायाचित्र किंवा स्कॅन केलेली प्रत पाठविण्याचा प्रघात विशेषतः कचेऱ्यांत रुजला आहे. तिच्यात अक्षरे बिघडत नाहीत हे खरे. पण संगणकाच्या दृष्टीने ते अक्षरलेखन नसून चित्र असते. त्यात शब्द शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही, भाषांतर करता येत नाही आणि दृष्टिहीन व्यक्ती ज्या वाचक-प्रणालीच्या आधाराने मजकूर ऐकतात, तिला त्यात वाचण्याजोगे काहीच सापडत नाही. नोकरभरतीची जाहिरात किंवा ग्रामसभेची सूचना अशा रूपात निघाली, तर ती दृष्टिहीन नागरिकास निघालीच नाही, असे म्हणावे लागेल. चित्रावरून अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली बऱ्याच सुधारल्या असल्या, तरी पुसट प्रतींतील रफार, अनुस्वार व अर्धा र त्यांच्या नजरेतून निसटतात. स्वाक्षरी व शिक्का आवश्यक असल्यास चित्राबरोबर युनिकोडमधील मजकूरही जोडणे हाच उपाय होय.

अंकांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत असल्याने सर्वच प्रणाली त्यांस संख्या मानत नाहीत. देवनागरीत लिहिलेला दूरध्वनी क्रमांक काही यंत्रांवर दाबून लावता येत नाही. देवनागरी एक व रोमन नऊ ह्यांच्या आकृतिसाम्यामुळे, दोन्ही प्रकारचे अंक एकाच क्रमांकात मिसळल्यास वाचकाची फसगत होते. बँक-खात्याचा क्रमांक, मात्रेचे प्रमाण, रक्कम ह्यांसाठी एका संदेशात एकाच प्रकारचे अंक वापरावेत.

लेखनपद्धती : मराठी टंकनासाठी इन्स्क्रिप्ट, टंकलेखन यंत्राची जुनी मांडणी व रोमन अक्षरांवरून लिप्यंतर अशा तीन पद्धती प्रचलित आहेत. लिप्यंतराची पद्धती शिकण्यास सर्वांत सोपी असल्याने लोकप्रिय झाली; मात्र शब्द सुचविण्याचे काम ती स्वतःकडे घेते व सुचविलेला शब्द न तपासता स्वीकारला गेल्यास ‘कळ’ चे ‘काल’ होण्याची जुनी, तारेच्या काळातील चूक नव्या मार्गाने परत येते. इन्स्क्रिप्ट शिकण्यास काही दिवसांचा सराव लागतो. पण लिहिले तेच उमटते. बोलून टंकन करण्याची सोयही आता सार्वत्रिक झाली आहे. प्रमाण उच्चारांवर तिची भिस्त असल्याने बोलीभाषांतील उच्चारांशी तिचे जमत नाही, विरामचिन्हे बहुधा हाताने घालावी लागतात. केवळ आवाजाचे ध्वनिमुद्रण पाठविण्याचा पर्याय लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारला असला, तरी असा संदेश चाळता येत नाही. तो पूर्ण ऐकावा लागतो.

देवनागरी पत्ते : मजकूर देवनागरीत जाऊ लागल्यावरही टपालाचा पत्ता मात्र रोमन लिपीतच राहिला होता. पत्त्यातही इतर लिपींची चिन्हे वापरण्याचे नियम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरीतील क्षेत्रनाम नोंदणीसाठी उपलब्ध झाले. असा पत्ता चालण्यासाठी पाठविणारा, घेणारा व मधले सर्व सेवासंगणक ह्या सर्वांनी नवे नियम मानलेले असावे लागतात. साखळीतील एकाने नाकारल्यास टपाल परत येते. त्यामुळे असे पत्ते घेणाऱ्यांना एक रोमन पत्ताही जोडीला ठेवावा लागतो.